कुस्तीच्या नावाने बोलणाऱ्यांना

प्रति,
महाराष्ट्र केसरीचे आयोजक, कुस्ती संघटनांचे पदाधिकारी
आणि मैदानाच्या व्यासपीठावरून बोलणारे सर्व मान्यवर यांस,



हे पत्र मी रत्नागिरीहून लिहिते आहे. गावाचं नाव आधी सांगण्याला कारण आहे. आंबा घाट चढून कोल्हापुरात गेलं की पेठेपेठेत तालीम लागते. तिथल्या मुलाला कुस्ती आधी डोळ्यांनी दिसते. पहाटे आखाड्यात उतरणारी पोरं, हळद, लिंबू, तेल, ताक घालून मळलेली तांबडी माती, कडेला उभं राहून एका शब्दात चूक दाखवणारे वस्ताद, हे सगळं पाहून झाल्यावर कधीतरी तुमचं भाषण त्याच्या कानावर पडतं. घाटाखाली आमच्याकडे तालमींची अशी परंपरा नाही. आमची पोरं कबड्डी खेळतात, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तायक्वांदो नाहीतर कराटे शिकतात. कुस्ती त्यांना मोबाइलवर भेटते, आणि तिथे कुस्तीच्या आधी तुम्ही भेटता. तुमची भाषणं, तुमचे आरोप-प्रत्यारोप, तुमचे हारतुरे. आमच्यासारख्या जिल्ह्यांत या खेळाचा चेहरा तुम्हीच आहात. ही जबाबदारी मोठी आहे आणि ती नीट उचलली जावी, अशी कळकळीची विनंती करायला हे पत्र आहे.

2 फेब्रुवारी 2025 ची रात्र आठवा. अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षे यांना तो मान्य नव्हता. व्हिडिओ पुन्हा पाहा, अशी त्यांची मागणी होती. वाद वाढला आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. पुढे मोहोळांविरुद्धच्या किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही गुणावरून वाद घातला आणि काही सेकंद उरले असताना मैदान सोडलं. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर 3 वर्षांची बंदी आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीला तायक्वांदोच्या वर्गाहून आणायला गेले, तर पायरीवर पोरांचा घोळका होता. दहा-बारा वर्षांची पोरं, पांढरे गणवेश, पट्टे अजून कमरेला. एका मोबाइलवर तीच क्लिप फिरून फिरून लागत होती. लाथ कशी बसली ते एकाने दुसऱ्याला करून दाखवलं. त्यातल्या एका बारक्याने विचारलं, "पण खांदे टेकले होते का?" त्याला कोणी उत्तर देऊ शकलं नाही. क्लिपमध्ये तो क्षणच नव्हता. मोहोळांनी कोणता डाव टाकला, राक्षे कुठे सापडले, हे त्या पोरांना कोणी दाखवलं नव्हतं.

त्या पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर देणं तुमचं काम होतं. पुढचे कित्येक दिवस बोलणाऱ्यांची कमतरता नव्हती. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या एका पैलवानाने तर पंचाला गोळ्याच घालायला हव्या होत्या अशी भाषा वापरली. ते वाक्य इथे घराघरांत पोचलं. चितपट म्हणजे नेमकं काय, दोन्ही खांदे किती टेकावे लागतात, चितपट देताना मुख्य पंचाला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते ती का, प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान कधी देता येतं, ते फेटाळलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण कसा जातो, हे दोन-तीन मिनिटांत सांगता येण्यासारखं आहे. ते मात्र पोचलं नाही.

मला तुमच्या मोठ्या आवाजाची तक्रार करायची नाही. कुस्ती मुळात कोणीतरी पुढे होऊन लावल्याशिवाय होत नाही. गावच्या जत्रेत जोड लावणारा माणूस नसेल तर फड सुरूच होत नाही. कोण कोणाच्या तोडीचा, कोण नुकताच दुखण्यातून उठलाय, कोणाला अजून दोन वर्षं मोठ्या पैलवानासमोर उभं करू नये, हे त्याला ठाऊक असतं. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून एक नंबरच्या कुस्तीपर्यंत दिवसभर तोच मैदान चढवत नेतो. हलगीच्या कडकडाटावर नाव पुकारून पैलवानाला गर्दीत उभं करणं ही कला आहे. शंकर पुजारींसारखा निवेदक माइकवर आला की डाव न समजणाऱ्यालाही डाव दिसायला लागतो. तो आवाजही मोठाच असतो, पण त्यातून लोकांचं लक्ष पैलवानाकडे जातं.

या खेळाचं मोठेपणही बोलक्या माणसांनीच जगाला दाखवलं. 1910 साली गामा पैलवानाला लंडनला नेलं ते आर. बी. बेंजामिन या इंग्रज प्रवर्तकाने. बुटका म्हणून गामाला स्पर्धेत घेईनात, तेव्हा कोणीही समोर या, असं जाहीर आव्हान देण्यात आलं. आधी अमेरिकेचा मल्ल डॉक्टर रोलर हरला. मग 10 सप्टेंबरला पोलंडचा मल्ल झबिस्को जवळजवळ अडीच तास गादीला चिकटून बसला, आणि पुढच्या आठवड्यात फेरलढतीला आलाच नाही. ते आव्हान जगाला ऐकू गेलं नसतं तर गामा किती मोठा पैलवान आहे हे लंडनला कळलं नसतं.

आणि पैलवानाच्या मागे उभा राहिलेला दुसरा एक माणूस पाहा, ज्याने व्यासपीठ मागितलं नाही. खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले ते वर्गणीच्या पैशांवर. कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाला याच बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांचं नाव आहे, आणि 1981 पर्यंत वेंगुर्ला आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणून कोकणात तालमी नाहीत, तुमचा कुस्तीशी काय संबंध, असं आम्हाला कोणी म्हणू नये.

खाशाबांच्याच आयुष्यातली आणखी एक गोष्ट आज फार महत्त्वाची वाटते. हेलसिंकीच्या आधी मद्रासला निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांना एका गुणाने हरवण्यात आलं, असं सांगितलं जातं. हा अन्याय आहे असं खाशाबांना वाटलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत मिळाली आणि त्यांनी ती जिंकली. दाद मागायला जागा होती आणि तिथे ऐकणारा माणूस होता, म्हणून देशाला पदक मिळालं. लाथ मारणं चूकच, त्याची शिक्षा झाली हेही योग्य. पण तरुण पैलवानाला दाद मागायची खात्रीची जागा दिसत नसेल, तर ती बांधण्याची जबाबदारी कोणाची? खेळाच्या नावाने जो बोलतो, त्याचीच ना?

बोलणाऱ्याने ही जबाबदारी टाळली तर काय होतं, हा धडा जगात फार महाग पडला आहे. बॉक्सिंगमधला डॉन किंग हा त्याच्या काळातला सगळ्यात बोलका प्रवर्तक. 1974 साली किन्शासात मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांना प्रत्येकी 50 लाख डॉलर देण्याचा शब्द त्याने दिला आणि आफ्रिकेत इतिहास घडवला. पण त्याच अलीला पुढे ठरलेल्या मानधनातले पैसे कापले म्हणून किंगवर दावा लावावा लागला. माइक टायसननेही 10 कोटी डॉलरचा दावा लावला आणि शेवटी 1 कोटी 40 लाखांवर तडजोड झाली. 2000 साली अमेरिकेने अलीच्या नावाने कायदा केला. एका लढतीतून प्रवर्तकाला किती मिळालं, हे बॉक्सरला सांगणं त्यात बंधनकारक झालं. गर्जना ज्याची सगळ्यात मोठी, त्याचाच हिशेब झाकलेला असतो, हे लोकांनी ओळखलं होतं. पण तो कायदा मिश्र मार्शल आर्ट्सना लागू झाला नाही. अशा लढती भरवणारी यूएफसी ही कंपनी 2001 साली 20 लाख डॉलरला विकत घेतली गेली आणि 2016 साली सुमारे 400 कोटी डॉलरला विकली गेली. तिचा चेहरा डेना व्हाइट. पत्रकारांना, समीक्षकांना, प्रसंगी स्वतःच्याच खेळाडूंना तो जाहीरपणे सुनावतो. कंपनी वाढली यात त्याच्या तोंडाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पण आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून तिथल्या लढवय्यांनी 2014 साली खटला भरला, आणि 2025 साली 37 कोटी 50 लाख डॉलरच्या तडजोडीवर न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं. आपल्याकडे 2012 साली मुंबईत राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग सुरू केली. त्या लीगच्या मालकांची नावं लोक आजही सांगतात. तिथे लढलेल्यांची किती जणांना सांगता येतील?

आता आपल्या घरातलं बोलते. भारतीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष असताना ब्रिजभूषण शरण सिंह यांचा दरारा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. डिसेंबर 2021 मध्ये रांचीला 15 वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी व्यासपीठावर एका पैलवानाला थप्पड मारली. कॅमेरे चालू होते. तिथे जमलेली पोरं पंधरा वर्षांच्या आतली होती. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीला ते पाहुणे म्हणून आले आणि त्यांचा सन्मान झाला. ती स्पर्धा 14 जानेवारीला संपली. 18 जानेवारीला विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे पैलवान त्यांच्याविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसले. महिला पैलवानांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. ब्रिजभूषण यांनी आरोप नाकारले आहेत. प्रकरण न्यायालयाचं आहे, निकाल देणारी मी कोणी नाही. माझा प्रश्न महाराष्ट्रातल्या व्यासपीठांना आहे. एरवी एका गुणावरून आठवडाभर बोलणारी माणसं त्या वेळी गप्प का राहिली? ज्या राज्याने दोनच महिन्यांनी, मार्च 2023 मध्ये, सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी भरवली आणि प्रतीक्षा बागडीच्या खांद्यावर गदा दिली, त्या राज्यातून या मुलींच्या बाजूने एक तरी मोठा आवाज यायला हवा होता. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल; मुलींची तक्रार नीट ऐकली जावी, एवढं म्हणायला कोणाची हरकत होती? 21 डिसेंबर 2023 ला साक्षी मलिकने बूट काढून टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. मुलीची आई म्हणून ते मी विसरू शकत नाही. माझ्या मुलीला या खेळात घालायचं का, हे आम्ही घरी बसून ठरवतो तेव्हा तुमचं बोलणं आणि तुमचं गप्प राहणं, दोन्ही आमच्यासमोर असतं.

तुमच्या भांडणाची किंमत पैलवान कशी मोजतो, हेही पाहा. 1953 साली मामासाहेब मोहोळ यांनी कुस्तीगीर परिषद उभी केली. आज संघटना दोन आणि किताबही दोन. नोव्हेंबर 2023 मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. 2025 मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. या चौघांच्या कष्टात तिळभर कमी नाही. वर्षानुवर्षं पहाटे उठून जोर-बैठका मारल्या, घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन खुराक पुरवला, आणि गदा खांद्यावर आल्यावर लोकांनी विचारलं, "कोणती? त्यांची की ह्यांची?" हा प्रश्न त्यांच्या वाट्याला तुम्ही आणलात. खरी संघटना कोणती, याचा वाद न्यायालयात आणि बैठकीत करा. पैलवानाच्या खांद्यावर तो ठेवू नका.

मैदानातली एक गोष्ट सांगते. मोठ्या कुस्तीच्या आधी दोन्ही पैलवान अंग गरम करून येतात. छाती-दंडावर घाम असतो, श्वास लागलेला असतो. तेवढ्यात पाहुण्यांच्या हस्ते कुस्ती लावायची म्हणून मान्यवर गादीवर येतात. बूट घातलेले वीस-पंचवीस लोक. फोटो होतात, सत्कार होतो, चार शब्द बोला म्हणून माइक फिरतो. पैलवान हाताची घडी घालून उभे. अंग थंड पडतं, स्नायू आखडतात, आणि मग पंच शिट्टी मारतो. दुखापतीला आमंत्रण देण्याचा हा राजमार्ग आहे. शाहू महाराजांनी 1912 साली खुलं केलेलं खासबाग मैदान उतरत्या बैठकीचं बांधलं, ते मागच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा दिसावा म्हणून. आश्रयदाता तेव्हाही होता आणि राजाच होता. त्याने मध्यभाग पैलवानासाठी मोकळा ठेवला.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. एकही अवघड नाही.

पहिली, वादग्रस्त निर्णयाचा व्हिडिओ मैदानातल्या पडद्यावर लगेच दाखवा आणि जाणत्या पंचाने तो मराठीत समजावून सांगावा. बाकी सगळ्यांनी तोवर माइक खाली ठेवावा.

दुसरी, इनामाचा हिशेब जाहीर करा. 2023 मध्ये पुण्यात विजेत्याला थार गाडी आणि 5 लाख रुपये मिळाले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण पहिल्याच फेरीत खांदा निखळलेल्या पोराचा दवाखान्याचा खर्च कोण करतो? किती पैलवानांचा विमा उतरवला, मैदानावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका किती, प्रायोजकांकडून किती आले आणि पैलवानांपर्यंत किती पोचले, हे गाडीच्या घोषणेइतक्याच मोठ्या आवाजात सांगा.

तिसरी, प्रत्येक स्पर्धेच्या पोस्टरवर मुलींनी तक्रार कुठे करायची तो क्रमांक छापा, आणि ती तक्रार ऐकणारी समिती संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या हाताखालची नसू द्या. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने खेळाडूंच्या समित्या आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद केली आहे. त्याची माहिती पैलवानांना तुम्ही स्वतः द्या. त्यांना ती वकिलाकडून कळायची वेळ आणू नका.

चौथी, महाराष्ट्र केसरी एकच ठेवा. दोन्ही संघटनांनी एका तांत्रिक समितीवर एकमत करावं. बाकी मतभेद खुशाल चालू राहू देत.

आणि पाचवी, बोलताना पैलवानाबद्दल बोला. 5 ऑगस्ट 2017 ला मुंबईत वरळीला विजेंदर सिंगने चिनी बॉक्सर झुल्पिकारला हरवलं. भारत-चीन सीमेवर डोकलामचा तणाव चालू होता. जिंकल्यावर माइकवर विजेंदर म्हणाला, हा पट्टा मी त्याला परत देतो, आम्हाला शांतता हवी आहे. लढणाऱ्या माणसाच्या तोंडी माइक दिला की तो काय बोलू शकतो, हे त्या रात्री दिसलं. तुमच्याही मैदानात कुस्ती झाल्यावर हरलेल्या आणि जिंकलेल्या दोघांना दोन-दोन मिनिटं द्या. पाहुण्यांच्या वेळेतून ती सहज निघतील.

तुमच्यातले कित्येक जण स्वतः लंगोट लावलेले आहेत. अनेकांनी पदरमोड करून पोरांना खुराक दिला आहे, मैदानं जगवली आहेत. सरकारी मदत तुटपुंजी असताना गावोगावी फड उभा राहतो तो तुमच्या धडपडीमुळे, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे. ज्यांना खेळाचं काही पडलेलं नाही, त्यांना पत्र लिहून उपयोग नसतो.

शेवटी एक आमंत्रण. पाऊस सरल्यावर रत्नागिरीत एक मैदान घ्या. मुलामुलींच्या जोड्या लावा, वस्तादांना सोबत आणा, डाव कसा टाकतात, त्यातून कसं सुटतात, चितपट केव्हा धरतात, ते आमच्या पोरांना समोर दाखवा. वर मागितलेल्या गोष्टी त्या एका मैदानात पाळून दाखवा. प्रेक्षक जमवणं, पोरांना आणणं, पैलवानांची राहण्या-जेवणाची सोय करणं, हे आम्ही पालक आणि इथल्या शाळा मिळून करू. आमच्या मुलांनी कुस्ती खेळावी असं आम्हालाही वाटतं. ती पाठवण्याइतका विश्वास द्या, आम्ही पाठवू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रत्नागिरीतील एक पालक